मुंबई–सिंगापूर थेट फ्लाइट: अंतर ३,९०० किमी, वेळ साडेपाच तास, झोप अडीच तास

मुंबई ते सिंगापूर अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो हे गूगलला विचारलं की लगेच उत्तर येतं, आणि उत्तर बरोबरही असतं, तरीपण नुसत्या त्या उत्तरावर तिकीट काढू नका. आमचे दादा-वहिनी तिकडे पुंगोलला राहतात, आई-बाबा नाशिकला, आणि घरातली तिकिटं काढायचं खातं माझ्याकडे, त्यामुळे या रूटवर रात्रीची थेट, दिवसाची थेट, वाया कोलंबो, वाया क्वालालंपूर, मोठं विमान, छोटं विमान असं सगळं करून झालंय. म्हणून हा रिव्ह्यू कुठल्या एका एअरलाइनचा नाहीये, रूटचा आहे. एअरलाइनचं काय, आज जेवण चांगलं देतात उद्या देत नाहीत, पण अंतर आणि घड्याळ काही बदलत नाही.

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. दिवसाची थेट फ्लाइट पाचपैकी साडेचार. रात्रीची थेट फ्लाइट, जी सगळे डोळे झाकून घेतात, ती अडीच. वाया फ्लाइट, म्हणजे मधे दुसऱ्या विमानतळावर थांबून जाणारी, तरुण पोरांसाठी तीन, आई-बाबांसोबत असाल तर एक, आणि तोही तिकिटाचे पैसे वाचले म्हणून.

आता हे अंतर. नेटवर ढिगाने साइट आहेत ज्यात दोन शहरांची नावं टाकली की किलोमीटर, मैल, फ्लाइट टाइम सगळं येतं. मुंबई–सिंगापूर टाकलं की साधारण ३,९०० किमी दाखवतात, दहा-वीस इकडे तिकडे होतात कारण कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं कोणी विमानतळापासून. हे अंतर म्हणजे गोल पृथ्वीवरची सगळ्यात जवळची रेषा. इथपर्यंत ठीक. पण वेळ काढताना बऱ्याच साइट काय करतात, विमानाचा एक ठरावीक स्पीड धरतात, ताशी आठशे-साडेआठशे, त्याने भागतात आणि वर अर्धा तास टेकऑफ-लँडिंगचा घालतात. झाला पाच तासांचा आकडा. तिकिटावर मात्र सव्वापाच ते पावणेसहा असं काहीतरी असतं, कारण एअरलाइन मोजते ते गेट सुटल्यापासून गेटला लागेपर्यंत, त्यात मुंबईत धावपट्टीच्या लायनीत उभं राहणं आलं, वळसे आले, सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर विमानाचं गेटपर्यंत हळूहळू चालत जाणं आलं. हवेत प्रत्यक्ष पाचच्या आसपास, म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. बाबांनी एकदा प्रिंट काढून ठेवलेली अशा एका साइटची आणि विमान पाच तासांत उतरलं नाही म्हणून घड्याळाकडे बघत बसलेले. एक साइट तर कारने किती तास लागतील तेही दाखवते, मधे म्यानमार आहे हे तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

मला स्वतःला त्या साइटवरची आवडलेली गोष्ट म्हणजे नकाशावरची रेषा. मुंबईहून निघालेली सरळ रेषा कुठून जाते बघा: पुण्याच्या डोक्यावरून, मग सोलापूर, मग तेलंगण-आंध्र कापत ओंगोलच्या आसपास किनारा सोडते, बंगालचा उपसागर ओलांडून निकोबार बेटांवर येते, तिथून मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरते आणि क्वालालंपूरच्या विमानतळावरून जवळजवळ बरोब्बर जाऊन सिंगापूरला टेकते. विमान काही अगदी या रेषेवरून जात नाही, हवाई मार्ग ठरलेले असतात, बरेचदा चेन्नईच्या बाजूने निघतात, पण समोरच्या स्क्रीनवर थोडंफार असंच दिसतं. पुणेकरांसाठी हे जरा क्रूर आहे, एक्स्प्रेसवेने रडतखडत मुंबईला यायचं आणि विमानात बसून पंधरा-वीस मिनिटांत परत स्वतःच्याच घरावरून जायचं. सोलापूरच्या माझ्या मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले मग वरून हात कर.

म्हणजे ३,९०० किलोमीटरपैकी पहिले साधारण आठशे जमिनीवरून आणि पुढे जवळजवळ सगळं पाणी. दिवसाच्या फ्लाइटला खिडकी घेतली तर दख्खनचं पठार छान दिसतं, उजनीचं पाणी मी एकदा ओळखलेलं, आणि नशीब असेल तर निकोबारची बेटं. रात्री काहीच दिसत नाही, खिडकीसाठी जादा पैसे भरू नका, त्यापेक्षा पॅसेजची सीट घ्या म्हणजे बाथरूमला जाताना दोघांना उठवावं लागत नाही.

वाऱ्याचं पण बघा. आपल्याकडे सगळ्यांना पाठ झालंय की पूर्वेकडे जाताना वारा मागून असतो म्हणून लवकर पोचतो आणि येताना उशीर होतो. हिवाळ्यात दिल्ली–टोकियोसारख्या रूटला हे चांगलंच जाणवतं, कारण उत्तर भारतावरून तेव्हा पश्चिमेचे जोराचे वारे वाहत असतात. मुंबई–सिंगापूर मात्र विषुववृत्ताकडे तिरकं उतरतं, तिथे तो नियम पातळ होतो, आणि पावसाळ्यात तर उलटाच होतो. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा वारा असतो, मॉन्सूनचाच भाग तो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमधे जाताना विमान वाऱ्याच्या विरुद्ध असतं आणि येताना मदत होते. फरक काही तासभराचा नाही, पण कनेक्शन टाइट असेल तर लक्षात असू द्या.

खरा घोळ घड्याळात आहे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. सूर्याच्या हिशोबाने बघितलं तर मुंबई आणि सिंगापूरमधे दोन तासांच्या थोडाच वर फरक पडतो, पण १ जानेवारी १९८२ ला सिंगापूरने मलेशियाच्या जोडीने घड्याळ अर्धा तास पुढे ढकललं आणि तो तसाच राहिला. त्याआधी आपल्यात आणि त्यांच्यात दोनच तास होते. त्यामुळे तिकडे बारा महिने सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, पोरं शाळेला अंधारात निघतात, वहिनी सुरुवातीला फोनवर रोज तेच सांगायची. हे अडीच तास ऐकायला किरकोळ वाटतात, अमेरिकेला जाणारे तर हसतील. पण साडेपाच तासांच्या फ्लाइटला अडीच तासांची उडी लागली की रात्रीच्या विमानाचं गणित पार बिघडतं, कसं ते सांगते.

समजा रात्री साडेअकराची फ्लाइट आहे. मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात म्हणून एका वेळी एकच कामाला येते, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला आखाती देश, युरोप, सगळ्यांची विमानं तिथेच लाइन लावून असतात. त्यामुळे दार वेळेवर बंद झालं तरी चाकं उचलेपर्यंत बारा. बेल्टचा दिवा विझून ट्रॉली येईपर्यंत साडेबारा-पाऊण. आता माझी आई आठला जेवणारी बाई, तिच्यासमोर पाऊण वाजता मटर पनीर, भात, एक गार पाव आणि चौकोनी मिठाई येते, ती ते झाकण अर्धं उघडते, वास घेते आणि परत लावते. नको म्हटलं तरी ट्रे समोरच, कारण उचलायला येतात सव्वा-दीडला. दीडला दिवे बंद. आता झोपायचं. तर मागे कोणाचं तरी बाळ, शेजारी कोणीतरी पूर्ण ब्राइटनेसवर सिनेमा, एसी इतका की बाबा कानटोपी घालून बसलेले, आणि पांघरूण माणशी एक. डोळा लागतो न लागतो तोच चारला दिवे लागतात, कारण पाचला उतरायचं असतं आणि त्याआधी ब्रेकफास्ट द्यायचा असतो. कॉफी हातात आली की खिडकीबाहेर उजाडायला लागलेलं, कप्तान सांगतो लोकल टाइम सकाळचे अमुक, आणि अंगातल्या घड्याळात पहाटेचे साडेचार.

म्हणजे झोप अडीच तास, आणि हे सगळं सुरळीत झालं तर. साडेपाच तासांची लांबी म्हणजे रात्रीसाठी सगळ्यात वाईट लांबी आहे असं माझं ठाम मत झालंय, दुबईसारखी तीन तासांची असती तर माणूस जागाच राहतो आणि उतरून झोपतो, लंडनसारखी नऊ-दहा तासांची असती तर मधे सहा तास तरी मिळतात. इथे धड ना जाग धड ना झोप.

बरं उतरता कधी, तर सकाळी साडेसातला. हॉटेलचं चेक-इन दोन-तीनला. नातेवाईकांकडे जाणार असाल तर ते ऑफिसच्या गडबडीत. चांगी विमानतळाला लागून असलेलं ते ज्वेल, २०१९ ला उघडलेलं, ज्यातल्या ४० मीटरच्या धबधब्याचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसला असतात, तर सकाळी साडेसातला तो धबधबासुद्धा चालू नसतो, दहा-अकराच्या पुढे सुरू होतो. आम्ही एकदा सामान घेऊन त्याच्यासमोर बसलेलो, बाबा म्हणाले यापेक्षा आपल्या नाशिकच्या सोमेश्वर धबधब्याला गेलो असतो.

आणि हो, पहाटे-सकाळी सिंगापूरच्या बाजूला एक वेगळीच भानगड असते, सुमात्रा स्क्वॉल म्हणतात तिला. साधारण एप्रिल ते नोव्हेंबर या काळात सुमात्राकडून वादळी ढगांची अख्खी रांग मध्यरात्रीनंतर सरकत येते आणि पहाटे ते सकाळ या वेळात सिंगापूरवर कोसळते, तासा-दोन तासांत निघूनही जाते. रात्रीच्या फ्लाइट नेमक्या त्याच वेळी पोचतात, मग विमान वरच घिरट्या घालतं. भीतीचं काही नाही, हे तिथे नेहमीचं आहे. पण बेल्ट मात्र सैल सोडून का होईना लावूनच ठेवा, दिवा विझला तरी. मे २०२४ मधे लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान म्यानमारवर अचानक जबरदस्त हललं आणि बँकॉकला उतरवावं लागलं, एक प्रवासी गेला, बरेच जखमी झाले. विषुववृत्ताजवळचे ढग फार उंच जातात आणि रात्री दिसत नाहीत, एवढं डोक्यात ठेवा.

आता दिवसाची फ्लाइट. या कमी असतात आणि सीझनप्रमाणे टाइम बदलतो, शोधताना वेळेचा फिल्टर लावा नाहीतर सगळ्यात स्वस्त म्हणून रात्रीचीच वर येते. समजा दुपारी बाराच्या सुमाराला निघालात. जेवण जेवणाच्या वेळी येतं, आई ते जेवते सुद्धा. खिडकीतून बघायला असतं. एक सिनेमा होतो, एक डुलकी होते, चहा होतो. आपल्या साडेपाचला म्हणजे त्यांच्या रात्री आठला उतरता. चांगीला इमिग्रेशन ऑटोमॅटिक गेटवर पटकन होतं, सामान तोवर बेल्टवर आलेलं असतं, टॅक्सीने पुंगोल वीस मिनिटं, नऊ-साडेनऊला वहिनीच्या हातचा वरण-भात आणि त्यांच्या अकराला, आपल्या साडेआठला, आडवे. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं फिरायला तयार. रात्रीच्या फ्लाइटने गेलं की पहिला दिवस वाया, दुसरा अर्धा. ‘रात्री प्रवास केला की दिवस वाचतो’ हे एसटीच्या रातराणीला खरं असेल, या रूटला नाही.

दिवसाच्या फ्लाइटचा अर्धा स्टार कापला तो आमच्यासारख्या बाहेरगावच्या लोकांमुळे. नाशिकहून टी-टू, म्हणजे मुंबई विमानतळाचं टर्मिनल दोन, साधारण १७० किलोमीटर. तीन तास आधी पोचायचं, म्हणजे नऊला, म्हणजे घरातून पहाटे साडेचार-पाचला निघा. समृद्धी झाल्यापासून इगतपुरी ते आमणे मस्त जातं, कसाऱ्याचा घाट कळतही नाही, आणि मग भिवंडी-माजिवडा येतं आणि सगळं कमावलेलं तिथे जातं. नाशिकहून विमानतळावर पोचायला चार तास आणि विमानतळाहून सिंगापूरला पोचायला हवेतले पाच, १७० किलोमीटर आणि ३,९०० किलोमीटर, बघा आता कोणाचं कौतुक करायचं. त्यामुळे वयस्कर माणसं सोबत असतील तर आदल्या दिवशी दुपारी निघून अंधेरी-विलेपार्ल्यात कोणाकडे तरी मुक्काम टाका. मुंबईत राहणाऱ्यांना आता बरं झालंय, मेट्रो तीन थेट टी-टूच्या पोटात येते.

वाया फ्लाइटबद्दल लोक मला नेहमी विचारतात की लांबून फिरवून नेतात का. तर नाही, गंमत हीच आहे. क्वालालंपूर त्या सरळ रेषेवरच आहे हे वर आलंच, त्यामुळे मुंबई–क्वालालंपूर ३,६०० आणि पुढे ३०० अशी बेरीज केली तर थेट जाण्याइतकीच येते, किलोमीटर जवळजवळ शून्य वाढतात. चेन्नईहून गेलं तर चाळीस-पन्नास किमी जास्त. कोलंबोहून साडेतीनशेच्या आसपास. बँकॉकहून पाचशे. म्हणजे अंतराचा प्रश्नच नाही, प्रश्न मधल्या थांब्याचा आहे. क्वालालंपूर–सिंगापूर हा जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गांपैकी एक, तासाभराची उडी, सतत विमानं, तरीपण तुमच्या स्वस्त तिकिटात चार-पाच तासांचा थांबा असतोच, सिंगापूर दिसायच्या अंतरावर आलेलं असताना. नाशिकहून दादरला निघालेल्या माणसाला ठाण्याच्या फलाटावर चार तास बसवून ठेवण्यातला प्रकार आहे. वर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं वेबसाइटने जोडून दिलेली असली तर मधे सामान घ्या, परत टाका, त्यासाठी त्या देशात एंट्री लागेल का ते बघा, पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी हात वर करते. एकाच तिकिटावर, एकाच कंपनीचं, सामान थेट सिंगापूरपर्यंत टॅग झालेलं असेल तरच वाया घ्या. कोलंबोचा अनुभव मला बरा आलेला, विमानतळ छोटा, चालणं कमी, चहा उत्तम. पण आई-बाबांना परत नेणार नाही, दोनदा चढ-उतार, दोनदा व्हीलचेअरची वाट बघणं, आणि वाचले ते माणशी काही हजार.

विमान कुठलं आहे हे तिकीट काढताना बघता येतं आणि ते बघाच. छोटं म्हणजे एकच पॅसेज आणि दोन्हीकडे तीन-तीन सीट, तेच जे नागपूर-दिल्लीला जातं. मोठं म्हणजे दोन पॅसेज. दोन तासांना छोटं चालतं, साडेपाच तासांना मागची दोन बाथरूम आणि पावणेदोनशे माणसं म्हणजे जेवणानंतर जी लाइन लागते ती बघाच. शिवाय बजेटवाल्यात जेवण, सामान, सीट सगळ्याचे पैसे वेगळे, ते सगळे जोडून मग तुलना करा, बरेचदा फरक चिल्लर उरतो. एका कंपनीने, नाव घेत नाही, आम्हाला मोठ्या विमानाचं तिकीट देऊन आदल्या दिवशी मेसेज टाकला की विमान बदललंय, ‘ऑपरेशनल कारणांमुळे’. पाय पसरायला मिळावेत म्हणून बाबांच्या सीटचे जादा पैसे भरलेले, ती सीटच नाही राहिली, त्यांना मधल्या सीटवर कोंबलं आणि त्या पैशांचा रिफंड यायला अख्खा पावसाळा गेला, तोही मी दर आठवड्याला मेल टाकत राहिले म्हणून. काउंटरवरची मुलगी मात्र चांगली होती, तिच्या हातात काही नव्हतं बिचारीच्या. व्हीलचेअरची मदत दोन्ही टोकांना एक नंबर, मुंबईतली पोरं तर ‘या आजी’ म्हणत थेट सिक्युरिटीच्या वेगळ्या लायनीतून नेतात. मागायला लाजू नका, पण बुकिंग करतानाच टाका. व्हेज किंवा जैन जेवणही किमान एक दिवस आधी नोंदवा, विमानात बसल्यावर सांगून उपयोग नाही.

सामानाबद्दल एकच पण महत्त्वाचं, कारण हे मराठी घरात हमखास होतं. खसखस सिंगापूरमधे चालत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात येते ती, अगदी मसाल्याच्या पुडीतली असली तरी. म्हणजे दिवाळीच्या वेळी अनारसे बाद, खसखस घातलेलं करंजीचं सारण बाद. आईचा यावर विश्वासच बसत नव्हता, ‘अनारशाला कोण पकडतंय’ म्हणून डबा भरून बसलेली, शेवटी दादानेच फोनवर रागावून काढायला लावला. तंबाखूची पुडी, मावा, गुटखा यांनाही बंदी, काकांना आधीच सांगा. सिगरेटला ड्यूटी-फ्री सवलत नाही, व्हेप तर अजिबात नको, आणि च्युइंग गम १९९२ पासून बंद आहे हे सगळ्यांना माहीत असतंच. चकली, शेव, चिवडा, बेसनाचे लाडू बिनधास्त न्या. लोणचं हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमधे टाका आणि तीन पिशव्यांत गुंडाळा.

कागदपत्रांत भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन होतो. आणि पोचायच्या आधी तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं. पैसे मागणाऱ्या साइट गूगलवर जाहिरात देऊन वर बसलेल्या असतात, त्यांना भुलू नका.

येतानाचं थोडक्यात, कारण तो प्रवास मुळातच सोपा आहे. आता घड्याळ आपल्या बाजूने. तिकिटावर संध्याकाळी साडेसातला निघून रात्री दहाला पोहोच असं दिसतं आणि बाबा म्हणतात अरे वा अडीच तासांत, तर त्यात अडीच तास मिळवायचे, म्हणजे पाच होतात, पावसाळ्यात वारा मागून असला की तेवढ्यातही बसतं, एरवी साडेपाच धरा. मुंबईकरांना ही संध्याकाळची फ्लाइट बेस्ट, बारापर्यंत घरी. नाशिक-पुणेवाल्यांनी सकाळची बघावी. तिकडून नऊच्या आसपास निघालं की आपल्या दुपारी बाराला उतरतं, इमिग्रेशन, सामान करून दीडला गाडीत, आणि भिवंडीची संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत माजिवडा पार झालेलं असतं. रात्री दहाला उतरून मध्यरात्री ड्रायव्हरला नाशिकपर्यंत गाडी हाणायला लावू नका, तोही दिवसभराचा जागा असतो. गाडी ठरवताना त्याला लँडिंगची नाही, लँडिंगनंतर सव्वा तासाची वेळ द्या, पार्किंगचं मीटर तुमच्याच खिशातून पळतं.